मागून काय येतं

नोव्हेंबर. झाब्झेत साडेतीनलाच दिवे लागतात
आणि गिऱ्हाईक दारात आधी खोकतं, मग बोलतं.
एल्फ्रीडा क्लोस्का आल्या. डोक्याला स्कार्फ, हातात जाळीची पिशवी,
पिशवीत बटाटे, आणि बटाट्यांखाली
रबर लावलेली एक काड्यापेटी.

मी सवयीने सुरू झाले:
इतके वॅट, इतकी ओढ, गालिच्यासाठी हे तोंड,
सोफ्याच्या फटीत जाणारं ते चोचीसारखं.
त्यांनी ऐकून घेतलं, शेजारणीच्या जावयाचं कौतुक ऐकतात तसं.
मग म्हणाल्या, पोरी,
पुढून गिळतात सगळेच.
मागून काय येतं ते दाखव.

सहा वर्षं मी ही यंत्रं विकते.
कुणी त्यांची पाठ कधी बघितली नव्हती.

काड्यापेटीत धूळ होती. घरची. कपाटामागची,
'आणि थोडी त्याच्या जुन्या कोटाच्या खिशातली.
खाण बंद झाली, खिसा काही रिकामा होत नाही.'
पिठीसारखी बारीक, चिमटीत धरली
तर आहे की नाही कळू नये.

पहिलं यंत्र स्वस्त, लाल, गोंडस.
त्यांनी पांढरा रुमाल मागच्या जाळीवर ताणला,
काड्यापेटीचं रबर चढवलं, मान हलवली. मी बटण दाबलं.
चिमूटभर धूळ गेली आत
आणि रुमालावर उमटलं
चहाच्या कपाखाली राहतं तसं वर्तुळ, राखाडी.
'हे नुसतं जागा बदलून देतंय,' म्हणाल्या.

दुसरं बिनपिशवीचं, आरपार डबा, आत वावटळ;
पोरांना फार आवडतं. रुमाल जवळजवळ स्वच्छ.
पण डबा रिकामा करायला झाकण उघडलं
आणि दोघींनी एकदम श्वास रोखला.
त्या माझ्यापेक्षा जास्त वेळ रोखू शकल्या.
सवय असावी.

तिसऱ्याची किंमत सांगताना माझाच आवाज बसला.
एच-तेरा फिल्टर, प्रत्येक सांध्याला रबरी पट्टी,
पिशवी काढताना तिचं तोंड आपोआप मिटतं.
रुमाल त्यांनी उजेडात धरला, उलटा करून,
चष्मा लावून, चष्मा काढून.
पांढरा.

'धुता येतो का फिल्टर?'
नाही. वर्षाला बदलायचा.
'बरंय. बदलता तरी येतो.'
मग बटाटे या हातातून त्या हातात घेत:
'घरात एक आहे आधीच.
बत्तीस वर्षं जमिनीखाली चालवला.
आत घेतलं ते सगळं आत ठेवलं,
मागून कधी काही येऊ दिलं नाही, ना धूळ, ना शब्द.
आता भरलाय.'

मी बिल केलं. दहा हप्ते.
साडेसात किलोचं खोकं, जिना तीन मजले;
आमचा मातेउश आणून देईल म्हटलं, तर
'बूट पुसून ये म्हणावं.'

आठवड्याने फोन. मला वाटलं, परत करतायत.
यंत्र उत्तम, म्हणाल्या. तक्रार आलोइझची आहे.
झोप येत नाही त्याला.
म्हणतो, घराला कसलाच वास उरला नाही,
दवाखान्यात ठेवल्यासारखं वाटतं.
मग? मी विचारलं.
दुकानाच्या काचेबाहेर तेव्हा
प्रत्येक धुराड्यातून कोळसा वर चढत होता.
मग काय, म्हणाल्या,
खिडकी उघडली.
बोटभर.