मूठ

विरळणीचे दिवस. तासगावच्या पेठेत
दस्तगीर शिकलगारापुढं कात्र्यांचा ढीग.

सोनाक्का म्हणाली, धार हाय रं,
बोटंच मिटंनात.

त्यानं शेजारच्या कुंभाराकडून
चिखलाचा गोळा आणला.
दाब म्हणाला. दुखंना तेवढंच.
मग त्या खळग्यांकडं बघत राहिला,
गिऱ्हाईक ताटकळलं तरी.

बाभळीचा तुकडा, सायकलची जुनी ट्यूब,
चार दिवस. दोनदा चुकलं.
पैसे मात्र धार लावल्याचेच घेतले,
जी लावलीच नव्हती.

आता कात्रीची मूठ वांग्याएवढी.
बागेतल्या पोरी हसतात.
घडाखाली सोनाक्का,
हिरवे मणी टपटप मातीत.

सांजेला सगळ्यांच्या कात्र्या पिशवीत.
ती मात्र
हातात धरूनच घरी जाते.