अडवल्यानंतर, घाव बसण्याआधी

ताम्पेरेतल्या दुकानाचं तळघर. ओले हातमोजे रेडिएटरवर.
विल्या तिचा अस्वलराजा आडवा करते:
हल्ला.
तैस्तो पुढे सरकवतो
कोपरे झिजलेला एक भालदार.
"झालं?" ती विचारते.
तो लगेच हो म्हणत नाही.

अडवून झालंय, घाव अजून बसायचाय.
एवढ्याशा फटीत मावतं
त्याच्या हातातलं शेवटचं पान.
मघाशी टाकतो तर फुकट जातं,
नंतर टाकावं तर भालदार उरायचा नाही.

चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत
तो भोंग्यावर उठला, भोंग्यावर जेवला.
इथे भोंगा नाही.
विल्या नख कुरतडते.
वर रस्त्यावर कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडतंय.

"थांब," तैस्तो म्हणतो,
आणि पान
अजून हातातच.