रिकाम्या ट्रकचं वजन

खडीच्या खाणीवर माझी केबिन, काट्याला लागून.
येताना रिकामा, जाताना भरलेला,
दोन आकडे, एक वजाबाकी, पावती.
एकोणीस वर्षं हेच.
बेलेनमध्ये कुणाचा ट्रक किती खोटं बोलतो
मला टायर बघून कळतं.

शनिवारी, खाण बंद झाल्यावर,
एलिसेओ त्याचा सदुसष्टचा पिकअप घेऊन आला.
रंग नाही अजून, नुसता राखाडी प्रायमर,
दारावर खडूने: हात लावू नये.
म्हणाला, आधी पुढची चाकं घे, मग मागची.
मी म्हटलं, रांगेत ये.
रांगेत तो एकटाच.

मागचा भार, टाकी भरून: पंधराशे चाळीस.
त्यातून ॲक्सल, चाकं, ब्रेक वजा,
कारण ते स्प्रिंगवर बसत नाहीत,
स्प्रिंग त्यांच्यावर बसते.
उरले अकराशे चाळीस, एका बाजूला पाचशे सत्तर.
सगळं बिअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
सुताराच्या पेन्सिलीने.

पहिल्या स्प्रिंगा त्याने रंगावरून घेतल्या होत्या.
लालभडक, आणि हट्टी:
एक इंच दबायला साडेतीनशे पाऊंड मागायच्या.
रेल्वेचे रूळ ओलांडताना
माझ्या वरच्या दातांची खालच्यांशी नव्याने ओळख झाली.
कॉफी छताला.
रस्ता खराब आहे, तो म्हणाला.
रस्ता तोच होता, आमच्या लग्नापासूनचा.
दुसऱ्या इतक्या मऊ
की पाटाच्या पुलावर ॲक्सल रबराला आपटायचा
आणि तो पाठीत कुणी बुक्की मारल्यासारखा
मागे वळून बघायचा.

अल्बुकर्कीच्या दुकानातला मुलगा फोनवर एकच धरून बसलेला:
मागे काय भरणार?
काही नाही.
म्हणजे साधारण किती?
काही नाही.
गवत? मोटारसायकल? कधीमधी ट्रेलर?
एलिसेओने फोन माझ्या हातात दिला.

या माणसाने एकतीस वर्षं
अल्फाल्फा वाहिला, शेताचे पाइप वाहिले,
भाड्याची घरं सोडणाऱ्यांची फ्रिजं, गाद्या,
एकदा तडा गेलेली चर्चची घंटा,
जी प्रत्येक खड्ड्यात अर्धवट बोलायची.
मागच्या फळीवर कायम कुणाचा तरी हात आपटत असायचा:
चल, चल.
मी त्या मुलाला म्हटलं,
काही नाही म्हणजे काही नाही. लिही.

मग पेन्सिल कानामागे खोचून
एलिसेओने विचारलं, आणि तू?
म्हणजे?
सीटवर. शेजारी. मागच्या चाकांपर्यंत पोचतं त्यातलं थोडं.

एकतीस वर्षांत हा आकडा मी
डॉक्टरशिवाय कुणाला सांगितलेला नाही.
त्याला केबिनमध्ये बसवलं
आणि काट्यावर जाऊन उभी राहिले.
साठ टनांचा काटा, वीस-वीस पाऊंडांच्या उड्या मारतो,
माणसाचं त्याला नीट कळत नाही.
एकशेसाठ. एकशेऐंशी. परत एकशेसाठ.
मी उगाच श्वास सोडून पाहिला.
काचेपलीकडे त्याने मान हलवली
आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: एकशेचाळीस.
खाडाखोड नाही.
माझ्या काट्यावरचं हे एकमेव खोटं वजन.
पुठ्ठा ड्रॉवरमध्ये आहे, पावत्यांच्या खाली.

स्प्रिंगा गुरुवारी आल्या. इंचाला एकशेनव्वदच्या.
काळ्या, बघत राहावं असं काही नाही.
ट्रक जॅकवरून उतरला, हिशोबाप्रमाणे तीन इंच बसला,
बनियन ग्रीसने माखलेला, पट्टी तोंडात धरून
एलिसेओ खालून ओरडला, चढ.
मी चढले, तोही चढला,
पुतण्याने मोजलं: अजून दोन सूत.
ते दोन सूत आम्ही.

संध्याकाळी फाटकाशी मालगाडी आडवी आली.
एकशेचौदा डबे, मी मोजले, सवय आहे,
सगळे भरलेले.
आमच्या मागे उघडी फळी, तिच्यावर थोडं ऊन.
कुणी हात आपटला नाही.
त्याने इंजिन बंद केलं.