पाणी मुरतंय

आश्लेषा लागल्या आणि गाडीत डावीकडे
मॅटखाली पाणी साचू लागलं.
आधी पेलाभर, मग तांब्याभर.
काचा बंद, दारं बंद, वर रेक्झिनचं झाकणही घातलेलं,
तरी सकाळी पाय ठेवला की कार्पेट
ताकात बुडवलेल्या भाकरीसारखं दबायचं.
चौथ्या दिवशी सीटखाली कुत्र्याची छत्री उगवली,
करंगळीएवढी.
उपटायला माझ्या जिवावर आलं.

गाढव नाक्यावरचा सलाउद्दीन म्हणाला,
वहिनी, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, नऊ हजार,
आणि तरी गॅरंटी नाही, पाण्याचं काय सांगता येतं.
मस्कतहून फोनवर नवरा म्हणाला, विकून टाक.
मी दोघांनाही बरं म्हणाले.

अप्पा मात्र खाली आले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून.
माझे सासरे. एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात.
रात्री दोननंतर रस्ते निजले की
लोखंडी सळई घेऊन निघायचे,
एक टोक डांबरावर, एक टोक कानाला,
आणि सहा फूट खाली फुटलेला पाइप
ऐकून सांगायचे : इथं खणा.
खणलं की तिथंच.
हे सगळं सासूबाईंच्या तोंडून.
मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे कान गेले होते.
मशीन आहे. ते देवघरात असतं, घंटेशेजारी.

"आत कुणीतरी बसायला हवं," मी ओरडले.
त्यांनी ओठ वाचले. बसले.
मी बागेतला पाइप ओढत आणला.
सेक्रेटरी लोटलीकर गॅलरीतून
टाकीकडे बघून मोठ्यानं खाकरले.
मी नळ आणखी अर्धा फेरा उघडला.

आधी दारांवर, मग टपावर, अँटेनाच्या बुडाशी,
प्रत्येक जागी शंभर आकडे मोजून.
आत अप्पांनी टाल्कम पावडर फासलेली,
पाण्याची वाट उमटावी म्हणून,
थोडी स्वतःच्या भुवयांवरही.
काचा धुरकटल्या.
आतून बोटानं फुली : इथं नाही.
टपावर. पुन्हा फुली.
वायपरखालच्या जाळीवर पाइप धरला,
सत्तर, ऐंशी, शंभर,
काचेवर काहीच नाही.
मी काच ठोठावली, मग स्वतःलाच हसले.

दार उघडलं.
अप्पा वाकलेले,
स्क्रूड्रायव्हरचं टोक ग्लोव्ह बॉक्समागच्या पत्र्याला,
मूठ दातांत,
डोळे मिटलेले.

"ऐकू येतंय?"
उत्तर नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा
मूठ काढून म्हणाले, "दाढेला लागतंय.
टप. टप.
पंख्याच्या भोकातून येतंय. वरती कुठंतरी मुरतंय."

जाळीला सहा खटके. त्यातले दोन मी मोडले.
खाली करंजाच्या पानांचा लगदा,
चहाच्या चोथ्यासारखा काळा,
एका पेनाचं टोपण, कुणाच्या तरी वाढदिवसाची चमकी,
आणि त्या सगळ्याखाली बुजलेलं, बोटाएवढं भोक.
बाटली धुवायचा ब्रश. हँगरची तार.
गळ्ळकन सगळं चाकामागून उतरलं.
अप्पांनी ते वाकून पाहिलं,
जुनं ओळखीचं कुणी रस्ता ओलांडताना पाहावं तसं.
शिवणीला एक भेग निघाली. तिथं मी सिलिकॉन भरलं,
जाड, बेढब, अंगठ्यानं दाबून.
चोवीस तास वाळू द्या, असं ट्यूबवर लिहिलं होतं.
सतराव्या तासाला पाऊस आला.

रात्री दीडला दाराची कडी वाजली.
खिडकीतून पाहिलं तर गाडीतला दिवा लागलेला,
पत्र्यावर पाऊस कोसळतोय,
आत पांढरा लेंगा, तोंडात मूठ.
मी छत्री घेऊन जिन्यापर्यंत गेले
आणि तिथंच उभी राहिले.

सकाळी मॅट कोरडी.
पावडरीत एका अनवाणी पावलाचा ठसा,
पाची बोटं नीट उमटलेली.

चहा घेताना अप्पा म्हणाले,
"आवाज येत नाही."
मग कपाकडे बघत,
"दाढ मात्र ठणकतेय."