नऊ वाजून दहा मिनिटांनी

आमच्या सातपूरच्या कारखान्यात सर्व्हर रूम म्हणजे
पूर्वीची चपला काढायची खोली.
एसी अठरावर. एप्रिलातही मी स्वेटर घालून बसते.
भिंतीपलीकडे व्हॉल्व्हची टेस्टिंग :
हवेचा एक लांब सुस्कारा, मग काहीच नाही.

मंगळवारी ऑडिट.
यादी काढली, बाहेरून आत कोण कोण येतं :
ओझरचे दोघे, चेन्नईचा सप्लायर,
बाळंतपणाच्या रजेवरची नंदा कासार,
आणि खैरनार.

खैरनार दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर.
खातं बंद करायचं राहिलं.
माझ्याकडूनच राहिलं.

लॉग सांगतो,
रोज रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
जेलरोडवरून एक माणूस आत येतो.
एकही फाइल उघडत नाही.
उंबऱ्यात उभा राहतो, चाळीस सेकंद,
मग नीट लॉगआउट करून जातो
(जे आमच्या मॅनेजरांना अजून जमलेलं नाही).

ही भिंत त्यांनीच बांधलेली.
मी नवी असताना मला गोदाघाटावर नेलं होतं.
पूर ओसरत होता, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात.
म्हणाले, परवानगी अशी मोजायची.
कुणाला घोट्यापर्यंत, कुणाला गुडघ्यापर्यंत,
गळ्यापर्यंत फक्त दोघांना,
आणि त्या दोघांची नावं तिसऱ्याने लिहून ठेवायची.
आणि तोंडं दोन हवीत.
आतल्यांकडे पाठ करून बसलेला राखणदार
निम्माच राखणदार.

सोमवारी फोन केला.
आधी कुकरची शिट्टी, मग ते.
काका, तुम्ही रोज आत येता?
जरा वेळ कुकरच बोलत राहिला.
"येत नाही गं. किल्ली अजून लागते का, तेवढं बघतो."
आणि लगेच, ऑफिसातल्या आवाजात :
"दोन वर्षं लागतेय, वैजू. हे बरोबर नाही."

बंद केलं. चौकटीतली एक खूण काढली.
स्क्रीनने विचारलं, नक्की?
ती सगळ्यांच्याच बाबतीत विचारते.

त्या रात्री थांबले.
नऊ दहा. नाकारला.
नऊ अकरा. जुना पासवर्ड. नाकारला.
नऊ तेरा. पर्चेसच्या नावाने. नाकारला.
मी डबा उघडला, पोळी गार झालेली,
तरी बरं वाटत होतं.
नऊ सोळा.
'गोदाम दोन'.
आत.

गोदाम दोन पाडून तिथे पार्किंग झालं
त्याला सहा वर्षं झाली.

चाळीस सेकंद.
लॉगआउट.
मग माझा मोबाइल थरथरला, टेबलावरून
कडेपर्यंत सरकला.
नमस्कार नाही, काही नाही.

"पेन आहे का जवळ?
लिही."