रिठ्याचं पाणी

सहा रात्री दशावतार, सोमवारी उभादांडा.
इनास आल्मेडाच्या ओसरीवर तबकड्या वाळत असतात
बांगडे घालावेत तशा ओळीने, पण सावलीत.
खाऱ्या वाऱ्याने धरलेली बुरशी तो
रिठ्याच्या पाण्यात मलमल बुडवून पुसतो,
खाचेच्या वळणाने, गोल गोल.
मी एकदा हात लावला, तर म्हणाला,
"आडवा पुसू नको. तेका लागता."

बत्तीस वर्षं तारवटी. बोटीवर कांदे चिरले.
बंदर आलं की बाकीचे घड्याळं घेत, ब्लँकेटं घेत,
हा कुठल्याशा दुकानात उभ्याउभ्या ऐकायचा
आणि पगारातून एक काळी चकती छातीशी धरून परतायचा.
अशा एक्कावन्न.
एक तडकलेली आहे. ती वाजत नाही,
ठेवलीय वेष्टनावरची नावं वाचायला.
लादीनीत संतांची घेतात तशी तो ती घेतो:
ट्रम्पेट कोण, पियानो कोण, ड्रम कोण.
शेवटी थांबून म्हणतो, "आनी एक खोकलेलो. तेचा नाव नाय."

पहिल्या दिवशी मला नुसतं भांडण ऐकू आलं.
पाच जण, कुणाचं कुणाला पटत नाही.
"सगळ्यांका ऐका नको," इनास म्हणाला,
"जाड तारवाल्याक धर. बाकीच्यांका जाव दी."
धरला.
आणि अरे, हा तर आमचा सगुण मेस्त्री!
राजा बोलत सुटला की मृदंगावर
त्याच्या पायाखाली जमीन सरकवत नेणारा.

आमच्याकडेही लिहिलेलं काही नसतं.
देवळामागे रंग फासता फासता मालक आख्यान सांगतो,
पुढे ज्याचं तोंड त्याचं भाषण,
आणि मी पायपेटीवर, भाता पायाने, कान समोर.
सॅक्सोफोनवाला मध्येच कुठेतरी घसरला.
इनासने बोट वर केलं.
"हंयसर चुकलो तो. आता बघ, थंयच घर बांधता."
बांधलं. ओटी, माजघर, वर कौलं सुद्धा.

एप्रिलात एकदा ऐन मध्यावर वीज गेली.
सूर खाली बसत बसत रेड्यासारखा हंबरला, थांबला.
इनासने अंधारात चकतीवर बोट टेकलं, फिरवू लागला.
कर्णे मुके, पण सुईतूनच
मुंगीएवढा आवाज येत होता.
आम्ही दोघांनी कान खाली नेले, डोकी आपटली.
कधी झिंगलेला, कधी म्हातारा, बोट हलेल तसा
तो माणूस वाजवत होता.
आणि प्रत्येक सुराआधी, स्पष्ट,
त्याने घेतलेला श्वास.
तो केव्हाच गेला असणार.
घेतलेला श्वास अजून सोडायचा आहे.

मग मातोंडची जत्रा. पहाटेचे तीन.
दवाने पेटीचा एक सूर फुगला, अडकला,
पट्टी सोडली तरी वाजतच राहिला.
घाम फुटला. दाबून टाकावा, तर दबेना.
मग मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा परत आलो,
उंबऱ्यावर परतावं तसा,
जणू तिथूनच निघालो होतो.
सगुणने दोन मात्रा हात उचलून धरला,
माझ्याकडे बघितलं,
आणि थाप त्या सुराच्या कुशीत ठेवली.
राजाने आवाज उतरवला. सिंहासनावर, म्हणजे बाकावर, बसला
आणि आपल्या आईबद्दल काहीतरी बोलू लागला
जे आख्यानात नव्हतं.
समोरच्या बायका शेंगदाणे सोलायच्या थांबल्या.

सकाळी मालक म्हणाला, पेटी बिघडलीय तुझी.
हो म्हटलं.

सोमवारी इनासला सगळं सांगितलं.
तो मान न उचलता बिया काढत होता.
"मगे? दुरुस्त केलंस?"
"नाही अजून."
"रवांदी थोडे दिवस," म्हणाला,
आणि रिठे पाण्यात सोडले.