फळ दिसलं नाही

स्योंबुआ, आधी फुलाकडे बघू नकोस.
फूल सगळेच बघतात, आणि तिथंच फसतात.
आधी पेर धर. अंगठ्याखाली हळू फिरव.
पानाचा देठ निघतो तिथून
जरा बाजूला सरकून, काटकोनात
फुटला असेल तणावा, तर ही आपल्या भोपळ्याच्या गोतातली.
देठाच्या बगलेतूनच आला असेल तर सोडून दे,
ती पॅशनफ्रूटची, कुणाच्या तरी परसातून पळालेली.

आता तणावा. एकेरी, की टोकाशी दुभंगलेला?
बघ, काटा हाती लागला की तो स्वतःलाच पीळ घालतो,
अर्ध्यापर्यंत डावीकडून,
मग विचार बदलल्यासारखा
बोटाच्या पेराएवढा सरळ,
आणि पुढे उजवीकडून.
दोन्ही टोकं बांधलेल्याला
एकाच दिशेनं पिळता येत नाही.
मला हे कळायला दोन नोकऱ्या गेल्या.

पान उलट. देठ संपतो तिथं
दोन गाठी, मोहरीएवढ्या.
नाही दिसल्या तर मुंग्यांना विचार,
त्या ओळीनं तिथंच निघाल्यात.
चाखायचंच असेल तर जिभेच्या शेंड्यावर, आणि लगेच थुंक.
कडू लागलं म्हणून नाव कळत नाही,
नुसती दुपार कडू जाते.

याच कोरड्या नदीत, एकोणीस वर्षांमागे,
मी अशीच एक वेल कापली.
वर्तमानपत्रात दाबली, वाळवली, कागदावर डकवली,
आणि नीट, वळणदार अक्षरात खाली लिहिलं:
वांझ. फळ दिसलं नाही.
नैरोबी. कपाट नऊ, कप्पा चार.

मग एकदा किटुईच्या बायका आल्या, बियांच्या पुरचुंड्या घेऊन.
त्यांच्यात न्दुंगे. बाजारात न्झेले विकते,
भोपळा चिरून केलेली वाडगी, कडेला सुईनं कोरलेली.
मी ऐटीत कप्पा ओढला.
तिनं चष्मा नाही लावला, अक्षर नाही वाचलं,
कागदाचा वास घेतला,
आणि पानांमधला एक लांब, उघडा दांडा
करंगळीनं दाखवला.
"या बारीक खुणा मोज. इथं फुलं होती, ओळीनं, आणि गळाली.
बाईचं फूल एकटं येतं,
आणि उमलण्याआधीच पाठीशी फळाचा गोळा घेऊन येतं.
ही वेल नाही रे, हा वेल.
बाप्या आहे. बाप्याला कुठं फळ धरतं?
त्याची जोडीदारीण पलीकडच्या काठाला असणार.
तू पलीकडे गेला नव्हतास?"

नव्हतो.
गाडीचं चाक वाळूत रुतलं होतं,
आणि डबा उघडायची वेळ झाली होती.

बाकीच्या बायका हसल्या. न्दुंगे नाही हसली.
कप्पा तिनं स्वतःच आत ढकलला, हलक्या हातानं,
आत कुणी झोपलं असावं तसा.
म्हणाली, "तो पहिला शब्द
मला अकरा वर्षं लावला होता.
तेव्हाही पलीकडे कुणी गेलं नव्हतं."

आमच्याकडे जुनी चिठ्ठी खोडत नाहीत, तुला शिकवलंच असेल.
शेजारी नवी लावायची, तारखेसकट.
मी लिहिलं: नर वेल.
ओळख पटवणार म्हणून न्दुंगेचं नाव,
आणि तिनं शाईत बुडवून अंगठा दिला
जरा तिरकाच,
पानाच्या कडेवर चढलेला.
वरिष्ठांना ते आवडलं नाही. तसंच आहे अजून.

ती पोरगी बघ, वाळूत कोपरापर्यंत हात घालून
न्झेलेनं पाणी उपसतेय. तिला विचारू
पाय कुठं रुतत नाहीत ते.
वही पिशवीत टाक. बूट काढ.
दुपार कलली तरी चालेल,
डबा नंतर उघडू.